शहाऐंशीचं कडं

गॅरेजचा वाढदिवस होता. त्या रविवारी सकाळी नऊ वाजता शटर वर गेलं, तरी घरातली माणसं मूग गिळून बसली होती. कारण आत्या काकाला घेऊन आली होती.

काका तीन वर्षांनी हा उंबरा ओलांडत होता. ओलांडत होता म्हणजे काय, उंबऱ्यापाशीच थांबला होता. हातात हेल्मेट, पायात ट्रकच्या वर्कशॉपमधले जाड बूट. डोळे मात्र थेट लिफ्टवरच्या पांढऱ्या गाडीकडे. बॉनेट उघडं, आत इंजिनाच्या जागी नुसता खड्डा.

"असे टकामका बघू नका सगळे," आत्या म्हणाली. ती घरात थोरली, सुट्या भागांचं दुकान एकटीनं चालवणारी, आणि तिच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. "मी बोलावलंय त्याला. गाडी पोरीला दिलीत ना? मग इंजिन आज ठरवा. टर्बोतलं ह्या घरात एकालाच कळतं. ज्याला त्याचं तोंड बघायचं नसेल त्यानं बाहेर उभं राहावं."

बाहेर कुणीच गेलं नाही. बाबांनी मात्र स्टूल फिरवून भावाकडे पाठ केली आणि दुखरा गुडघा चोळत बसले. आईनं चहाचा एक पेला जास्तीचा भरला आणि काकाच्या हातात दिला. आप्पा, ह्या तिघा भावंडांचे वडील, कोपऱ्यात आपल्या लेथपाशी उभे होते. त्यांनी मान वर केली नाही की खाली घातली नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ह्या माणसाला न बघता बघायची कला साधलेली होती.

गाडी जिला मिळाली होती ती बाबांची मुलगी, ठिणगी, हे सगळं बघत होती. लहानपणी ग्राइंडरशेजारून हलायची नाही म्हणून तिला हे नाव पडलं, ते पोरगी शिकून मोजमापांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली तरी सुटलं नाही. तिच्या खांद्यावरच्या पिशवीत आज दोन वस्तू होत्या. एक कागद आणि एक लहानशी पेटी. त्या बाहेर काढायच्या की नाही, हे तिचं रात्रभर ठरलं नव्हतं.

कारण त्या बाहेर काढल्या असत्या तर काका सुटला असता आणि आप्पा अडकले असते.

तीन वर्षांपूर्वीचं प्रकरण घरात कुणी बोलत नसलं तरी विसरलंही कुणी नव्हतं. काकानं ह्याच गाडीला टर्बो बसवला होता, त्यासाठी खास ठोकून घडवलेले पिस्टन आणले होते. गॅरेजचं बोअरिंग मशीन नेमकं त्या महिन्यात बंद, म्हणून सिलिंडर त्यानं बाहेरच्या एका मोठ्या कारखान्यातून कापून आणले. आठवड्याभरानं बाबा गाडी घेऊन हमरस्त्यावर गेले आणि भर वेगात इंजिन धरलं. पिस्टन सिलिंडरला चिकटले, चाकं जागच्या जागी अडली, गाडी कठड्यावर गेली. बाबा वाचले, गुडघा गेला.

आप्पांनी इंजिन उघडलं आणि एकच प्रश्न विचारला होता. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात फट किती ठेवली होतीस?

"चार," काका म्हणाला होता. चार म्हणजे मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले चार. ह्या गॅरेजचा तो आकडा. आप्पांनी ठरवलेला.

"चार ठेवली असतीस तर इंजिन धरलंच नसतं. चाळीस वर्षांत माझं एक तरी इंजिन धरलंय? खोटं बोलू नकोस."

काका दुसऱ्या दिवशी निघून गेला. आणि जाण्याआधी दवाखान्याच्या जिन्यात ठिणगीच त्याला म्हणाली होती, "काका, खरं काय ते सांगून टाक ना एकदा." त्यावर त्यानं जसं बघितलं होतं, तसं बघणं ठिणगीला पुन्हा कधी बघायचं नव्हतं.

"हं, बोला," आत्यानं टेबलावर हात आपटला. "माझं मत सांगते. सहा सिलिंडरचं इंजिन आलंय माझ्याकडे. अपघातातल्या गाडीतलं, पण अगदी ठणठणीत. ते बसवा आणि त्यावर हा."

तिनं खोक्यातून टर्बो काढून टेबलावर ठेवला. चांगला कलिंगडाएवढा.

"पुढची चाकं जमिनीवर राहतील का मग?" आई म्हणाली. "तेवढं वजन त्या खड्ड्यात? पोरीला गाडी हवीय, रोड रोलर नको."

"टर्बो ह्या घरात येणार नाही," बाबा पाठमोरेच म्हणाले. "सहा सिलिंडर घाला, आठ घाला, पण साधं. मला एकच गुडघा उरलाय."

"इंजिन आहे," आप्पा प्रथमच बोलले. लेथवरचा हात तसाच ठेवून त्यांनी फळीवरच्या ताडपत्रीकडे हनुवटीनं दाखवलं. त्यांनी कापलेला शेवटचा चार सिलिंडरचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा सांगाडा, तिथं दीड वर्ष झाकून ठेवलेला होता. "ते बसवा. बिनटर्बोचं. पळेल तेवढं पुरे."

"वा! म्हणजे गाडी दिली आणि वेग काढून घेतला," आत्या म्हणाली.

एरवी बाबा आणि आप्पा यांचं कधी पटत नसे, पण आज टर्बोच्या विरोधात दोघं एक झाले होते. आणि ज्या आत्यानं तीन वर्षांपूर्वी काकाला सगळ्यात जास्त फैलावर घेतलं होतं, ती आज त्याची वकील होऊन उभी होती. ठिणगीला वाटलं, गाडी माझी, चालवणार मी, आणि मला विचारावं असं एकाच्याही मनात नाही. ह्या घरात हे नवीन नव्हतं.

"तू बोल की रे," आत्या काकाला म्हणाली. "का तोंडात गुळणी धरून बसायला आलास?"

काकानं पेला खाली ठेवला. "त्या खोक्यात दुसरा आहे ना, ताई? तो दे."

दुसरा टर्बो मुठीपेक्षा जरासा मोठा होता. काकानं तो ठिणगीच्या हातात दिला. "बोटानं फिरव."

तिनं आतल्या चाकाला करंगळी लावली. चाक फिरलं आणि फिरतच राहिलं, आवाज नाही, घरघर नाही. पाती इतकी पातळ की कडेवर उजेड थरथरत होता.

"इंजिनातून जो गरम धूर वाया जातो ना, तो हे चाक फिरवतो," काका हळूच म्हणाला. "त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चाक. ते बाहेरची हवा दाबून आत कोंबतं. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे होतात ह्याचे. आणि दांडा कशाला टेकलेला नसतो. तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत असतो."

"दीड लाख?" आई म्हणाली. "मिनिटाला?"

"मिनिटाला. एका बाजूला लालबुंद तापलेलं लोखंड, दुसऱ्या बाजूला बाहेरची थंड हवा, मध्ये वीतभर अंतर नाही."

 चाक अजून फिरत होतं. बाबांनीही नकळत मान वळवली होती. ठिणगीचा ऊर भरून आला. फेकून द्यायच्या धुरातून कुणीतरी हे काढलं होतं, आणि हे तिच्या तळहातावर मावत होतं. आपला काका तीन वर्षं ट्रकची चाकं काढत बसला आणि हे असलं ज्ञान त्याच्याजवळ पडून राहिलं, याची तिला एकाएकी फार लाज वाटली.

"बघून झालं असेल तर ठेवा ते," आप्पा म्हणाले. "कड्याची वेळ झाली."

दर वर्षी ह्या तारखेला कडं बाहेर निघे. आप्पांनी गॅरेज सुरू केलं तेव्हा स्वतःच्या हातानं हे पोलादी कडं घडवलं होतं. आतून बरोबर शहाऐंशी मिलिमीटर. सिलिंडर मोजायच्या गेजला ह्या कड्यात घालून शून्य लावायचं आणि मग सिलिंडर मोजायचा. पिस्टन शहाऐंशीचा, म्हणून काटा चारावर थांबला की काम फत्ते. दुकानात नवी यंत्रं आली, जुनी गेली, कडं तेच. आणि त्याचा मान असा की वाढदिवसाला घरातल्या प्रत्येकानं पॉलिशची चिमूट कापडावर घेऊन ते आतून दहा वेळा घासायचं. ठिणगी पाळण्यात होती तेव्हा आईनं तिची मूठ धरून घासून घेतलं होतं म्हणे. शिवाय आप्पा दर सोमवारी घासत ते वेगळंच.

कडं निघालं. आप्पांनी घासलं, आत्यानं घासलं. बाबांनी घासून ते न बघताच मागे धरलं, काकानं घेतलं. तीन वर्षांनी दोघा भावांचे हात एका वस्तूला लागले आणि दोघांनीही ते जाणवू दिलं नाही. काका कापड लावणार, तेवढ्यात ठिणगी ओरडलीच.

"काका, नको! आप्पा, आता कुणी घासू नका."

सगळे आ वासून तिच्याकडे बघायला लागले. आता मागे फिरायची सोय उरली नव्हती.

"गेल्या आठवड्यात मी कडं नेलं होतं," ती म्हणाली. "न विचारता. प्रयोगशाळेत."

"कशाला?" आप्पांचा आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली.

"मागच्या अंगणात ते धरलेलं इंजिन पडलंय ना, त्यातलं एक सिलिंडर चांगलं होतं. ते मी प्रयोगशाळेच्या गेजनं मोजलं, आप्पा. चार आलं. नेमकं चार. काका खोटं बोलत नव्हता. मग मला कळेना, की चार ठेवून आपलं एकही इंजिन धरत नाही, ह्याचंच का धरलं? म्हणून कडं नेलं."

"आणि?"

तिनं कागद काढला. तिच्या प्रयोगशाळेत प्रत्येक वस्तू आधी एक दिवस नुसती ठेवतात, वीस अंश तापमानात, कारण हाताच्या उबेनंही पोलाद फुगतं. मग मोजतात. तिनं तीनदा मोजलं होतं, चौथ्यांदा साहेबांकडून मोजून घेतलं होतं. "शहाऐंशी नाही आहे ते. शहाऐंशी आणि वर पाच शतांश आहे."

"तुझं यंत्र चुकलं असेल," बाबा फटकन म्हणाले. आप्पांच्या बाजूनं बाबा बोलले, हेच मुळात आश्चर्य होतं.

"म्हणून मी हे आणलंय." पेटीत दुसरं कडं होतं, प्रयोगशाळेचं, साहेबांच्या सहीनिशी दोन दिवसांसाठी मागून आणलेलं. "हे खरं शहाऐंशी. आप्पा, तुम्हीच बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

आप्पा पुढे आले. आधी त्यांनी हात पुसले, मग गेज पुसलं, मग चष्मा. दोन्ही कडी लोखंडी पाटावर शेजारी शेजारी ठेवली आणि तसेच उभे राहिले. दहा मिनिटं. दोन्हींची ऊब सारखी व्हायला हवी, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. शाळेची चार बुकंही न शिकलेला हा माणूस प्रयोगशाळेचा नियम नुसत्या हातानं पाळत होता. 

मग त्यांनी गेज नव्या कड्यात घातलं, अलगद डोलवलं, काटा जिथून परत फिरतो तिथं शून्य लावलं.  गेज काढून आपल्या कड्यात घातलं.

काटा हलला. एक, दोन, तीन, चार. पाचावर थांबला.

आप्पांनी पुन्हा शून्य लावलं, पुन्हा मोजलं. पाच. मग अंगणात जाऊन धरलेल्या इंजिनाच्या त्या चांगल्या सिलिंडरात गेज उतरवलं. चार. परत येऊन फळीवरची ताडपत्री स्वतः ओढली आणि आपल्या ब्लॉकच्या पहिल्या सिलिंडरात घातलं. हा त्यांनी आपल्या कड्यावर मोजून चार ठेवलेला. काटा चार ओलांडून गेला. नऊ. दुसरा, नऊ. तिसरा, नऊ. चौथा, नऊ.

"म्हणजे आपण चार म्हणतो ते नऊ आहे," आत्या पुटपुटली. "आणि बाहेरच्या कारखान्यानं चार सांगितल्यावर खरंच चार ठेवले."

"ते घडीव पिस्टन तापले की साध्यापेक्षा जास्त फुगतात," काका म्हणाला. "त्यांना जागा जास्त लागते. त्यांच्या कागदावर किती लिहिलं होतं, माहितीय? नऊ."



ठिणगीला हिशेब आधीच माहीत होता, तरी आता डोळ्यांसमोर काटा बघितल्यावर तो तिला खरा वाटला. गेली कित्येक वर्षं लोक म्हणत, ह्या गॅरेजचं इंजिन सकाळी थंड असताना जरा खडखडतं, तापलं की गप्प होतं. आप्पा म्हणत, हल्लीचे पिस्टनच रद्दी. आणि खडखड होती ती ह्या पाच शतांशांची! केसाच्या जाडीएवढी. टर्बोसाठीच्या घडीव पिस्टनला जेवढी लागते तेवढीच जागा त्या ब्लॉकमध्ये आपोआप तयार होऊन बसली होती.

"काखेत कळसा," आत्या म्हणाली खरी, पण पुढचं तिच्या तोंडून निघालं नाही.

"पण कडं वाढलं कसं?" आईनं विचारलं. "पोलाद का वाढतं?"

आप्पांनी कडं उजेडाकडे धरलं. आतून आरशासारखं लखलखत होतं. त्यांनी अंगठा आतून फिरवला, सावकाश, एक पूर्ण फेरा.

"घासून," ते म्हणाले. "मी घडवलं तेव्हा बरोबर होतं. चाळीस वर्षं घासलं आपण. मी, तुमची आई होती तोवर ती, तुम्ही सगळी. चांगलं दिसावं म्हणून."

 एवढंसं कापड, चिमूटभर पॉलिश, दहा वेळा. पाळण्यातल्या पोरीची मूठसुद्धा. पोलाद त्यांनी मायेनं झिजवलं होतं आणि त्या झिजेनं एक माणूस घराबाहेर गेला होता. त्यात त्या माणसाचाही हात होताच, दर वर्षी दहा वेळा. ठिणगीला हे इतकं मोठं वाटलं की रडावं की नमस्कार करावा, कळेना.

बाबा उठले. लंगडत काकासमोर जाऊन उभे राहिले. "नऊ लिहिलं होतं तर नऊ का नाही ठेवलंस?"

"आप्पा म्हणाले, आपल्याकडे चार."

"मग तेव्हा बोंबलला का नाहीस, गाढवा? मी तीन वर्षं तुला शिव्या घालतोय!"

"सांगितलं होतं, दादा. चार ठेवले म्हणून सांगितलं होतं. खरं किती वेळा सांगायचं?"

 बाबांनी भावाचं बाजूला ठेवलेलं हेल्मेट उचललं आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवलं. मग तिथंच भिंतीकडे तोंड करून नाक पुसत उभे राहिले.

आप्पा अजून ब्लॉकपाशीच होते. ठिणगीनं त्यांच्याकडे बघायचं टाळलं होतं, ते आता बघितलं. तिला वाटलं होतं, आप्पा खचतील, नाहीतर चिडतील, कडं फेकून देतील. तिला मनातून त्याचीच भीती होती. ह्या माणसाचं काम म्हणजे माप, आणि तिनं चारचौघांत ते माप चुकीचं ठरवलं होतं. पण आप्पा ताठ उभे होते. त्यांनी चष्मा काढला.

"मी तुला खोटारडा म्हणालो," ते काकाला म्हणाले. "सगळ्यांदेखत म्हणालो. म्हणून सगळ्यांदेखत सांगतो. तू खरं बोललास. इंजिन मी मारलं, ह्याचा गुडघा मी मोडला, आणि तुला घालवलं मी. चुकलं माझं."

"आप्पा, असं नका—"

"थांब. बोलू दे." ते ठिणगीकडे वळले. "आणि ही पोरगी. माझ्यासमोर उभं राहून माझं कडं चूक म्हणायला छाती लागते. एवढ्या वर्षांत कुणाची झाली नाही. माझीही नाही."

 ज्या माणसाच्या शब्दावर शहरभरची इंजिनं सुरू झाली, तो माणूस एका काट्याचं ऐकून, एका घोटात, एवढं मोठं सत्य गिळून उभा होता आणि जराही वाकला नव्हता. आपण प्रयोगशाळेत लाखांची यंत्रं बघतो, तिला वाटलं, पण इतकं अचूक आपण काही बघितलेलं नाही.

आप्पांनी टेबलावरची आईची हिशेबाची वही ओढली, कानामागची पेन्सिल काढली आणि स्टुलावर बसले. काकाला समोरचं स्टूल दाखवलं.

"बस. आता सांग. इंजिन कुठलं?"

 "तुमचंच, आप्पा. फळीवरचं. घडीव पिस्टन घालू, सिलिंडरला हातसुद्धा लावायला नको."

आप्पांनी लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं होतं. "टर्बो?"

"लहान."

आत्यानं कलिंगडाकडे बघून सुस्कारा सोडला. आप्पांनी 'लहान' लिहिलं आणि पेन्सिल थांबवली.

"लहान का?" त्यांनी विचारलं. "मला टर्बोतलं काही कळत नाही. नीट समजावून सांग. सावकाश सांग, मी लिहून घेतो."

काकानं स्टूल आप्पांच्या जवळ ओढलं आणि सांगायला सुरुवात केली.